प्रस्तावना : बॉम्ब टाकण्याआधीचे साडेदहा तास

ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये महत्त्वाच्या ठरावावर मत द्यायचं तर जागेवर बसून भागत नाही. घंटा वाजू लागते, आठ मिनिटांनी दारं बंद होतात, आणि तेवढ्या वेळात प्रत्येक खासदाराला उठून चालत जावं लागतं. होकार देणाऱ्यांची लॉबी अध्यक्षांच्या उजव्या हाताला, नकार देणाऱ्यांची डाव्या हाताला. लॉबीतून जाताना नावाची नोंद होते, दारात उभे असलेले मोजणीदार डोकी मोजतात. मन कितीही द्विधा असलं तरी पाय एकाच दाराकडे वळवावे लागतात.

२ डिसेंबर २०१५ च्या रात्री दहाच्या सुमारास ६२० खासदार असे उठून चालू लागले. ३९७ उजवीकडे गेले, २२३ डावीकडे. प्रश्न होता, सीरियात आयसिसवर ब्रिटिश हवाई दलाने हल्ले करावेत की नाही. सकाळी सुरू झालेली चर्चा साडेदहा तास चालली होती. निकाल लागल्यावर काही तासांतच सायप्रसमधल्या अक्रोटिरी तळावरून उडालेल्या चार टोर्नाडो विमानांनी पूर्व सीरियातल्या ओमर तेलक्षेत्रावर बॉम्ब टाकले.

त्या साडेदहा तासांतली निवडक भाषणं मराठीत आणण्याचा हा प्रयत्न आहे. परक्या देशाच्या संसदेतली, तिसऱ्याच देशावर बॉम्ब टाकण्याविषयीची चर्चा मराठी वाचकाने कशासाठी वाचायची, हे मला अनुवाद करताना अनेकांनी विचारलं. माझं उत्तर सरळ आहे. युद्धाची भाषा आपल्याकडेही रोज बोलली जाते. 'घुसून मारा' म्हणायला काही लागत नाही. पण मारायचं कुणाला, मारल्यानंतर ती जमीन कुणाच्या हाती जाणार, आणि चुकून मेलेल्यांची जबाबदारी कोण घेणार, हे प्रश्न दिवसभर उभं राहून विचारणारी आणि त्यांची उत्तरं देण्याचा प्रयत्न करणारी माणसं कशी बोलतात, ते फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतं. इथे ते पाहायला मिळतं, आणि ती माणसं कुठे कमी पडली तेही.

आधी थोडी पार्श्वभूमी. जून २०१४ मध्ये इराकमधलं मोसुल शहर आयसिसच्या हाती पडलं. काही हजार बंदूकधाऱ्यांपुढे इराकी सैन्य गणवेश टाकून पळालं. महिनाअखेरीस खिलाफतीची घोषणा झाली. ऑगस्टमध्ये या लोकांनी सिंजार डोंगराच्या परिसरातल्या याझिदींवर हल्ला केला. पुरुषांना गोळ्या घातल्या, बायका-मुलींना वाटून घेतलं, विकलं. कोचो नावाच्या एका गावात सगळ्या गावाला शाळेत गोळा करून पुरुषांना बाहेर नेऊन मारलं. त्याच गावच्या नादिया मुराद यांना पुढे २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. आपणही या आगीपासून फार लांब नव्हतो. मोसुलमध्ये मजुरीला गेलेले ३९ भारतीय, बहुतेक पंजाबचे, त्याच जूनमध्ये पळवले गेले. त्यांच्या घरच्यांनी जवळजवळ चार वर्षं वाट पाहिली, आणि मार्च २०१८ मध्ये संसदेत त्यांच्या मृत्यूची बातमी ऐकली. कल्याणचे चार तरुण त्याच वर्षी यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला म्हणून गेले आणि तिथून आयसिसकडे वळले. म्हणजे या कथेत मारले जाणारेही आपले होते आणि मारायला निघालेलेही.

सप्टेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश संसदेने इराकमध्ये हवाई हल्ले करायला ५२४ विरुद्ध ४३ अशी प्रचंड मान्यता दिली. इराकच्या सरकारने स्वतः मदत मागितली होती, त्यामुळे फारसा वाद झाला नाही. सीरियाची गोष्ट वेगळी होती. तिथल्या सरकारने बोलावलं नव्हतं, आणि त्या सरकारचे हात स्वतःच्या प्रजेच्या रक्ताने माखलेले होते. त्याआधी वर्षभर, ऑगस्ट २०१३ मध्ये, सीरियातल्या घौटामधल्या रासायनिक हल्ल्यानंतर तिथले तेव्हाचे अध्यक्ष असद यांच्या विरोधात लष्करी कारवाई करण्याचा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांचा ठराव याच सभागृहाने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला होता. दोन वर्षांनी तेच पंतप्रधान, तोच देश. फक्त शत्रू दुसरा. मग १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली आणि सगळं हवामान एका रात्रीत पालटलं. आठवडाभरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एकमताने ठराव केला. त्यात देशांना आवश्यक ती सगळी पावलं उचलण्याचं आवाहन होतं, मात्र बळाच्या वापराला थेट अधिकार देणारं सनदेचं सातवं प्रकरण त्यात पुकारलेलं नव्हतं. वकिलांनी या फरकाचा कीस काढला. सभागृहातही तो निघाला, पण चर्चेचा जीव त्यात नव्हता.

कॅमेरून यांचा मुद्दा ऐकायला सोपा होता. आपली विमानं इराकमध्ये बॉम्ब टाकतच आहेत. आयसिस ज्या सीमेला कस्पटाची किंमत देत नाही, त्या सीमेपाशी येऊन आपण का थांबायचं? डोकं सीरियातल्या रक्कामध्ये आहे आणि आपण हातापायांवरच मारत बसलो आहोत. मित्र फ्रान्स मदत मागतो आहे. आपल्याकडची ब्रिमस्टोन क्षेपणास्त्रं इतकी नेमकी आहेत की निरपराध माणसं वाचतील. हा युक्तिवाद हलका नाही. अनुवाद करताना मी त्याच्याशी अनेकदा झगडलो, आणि प्रत्येक वेळी त्यातला सीमेचा मुद्दा मला पटला. वाळवंटात महायुद्धाच्या काळात फूटपट्टीने आखलेली ती रेघ खुन्यांनी पुसली आणि आपण मात्र ती सांभाळायची, हे विचित्रच होतं.

पण पुढचा प्रश्न आला, आणि तो आला पंतप्रधानांच्याच बाकांवरून. विमानं जमीन ताब्यात घेऊ शकत नाहीत. मग रक्का कोण घेणार? सरकारचं उत्तर होतं, असदच्या विरोधात लढणारे सुमारे सत्तर हजार मवाळ बंडखोर. हा आकडा चर्चेआधी आठवडाभर गाजत होता. संरक्षण समितीचे अध्यक्ष ज्युलियन लुईस सत्ताधारी हुजूर पक्षाचेच, तरीही त्यांनी या सत्तर हजारांची तुलना २००३ च्या इराक युद्धाच्या वेळच्या बदनाम कागदपत्रांशी केली. ही फौज कागदावरची आहे, ती एका ठिकाणी नाही, एका हुकमाखाली नाही, आणि तिचं वैर असदशी आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. लुईस यांचं भाषण या पुस्तकात तिसरं आहे. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं भाषण ते. आवाज चढलेला नाही, उपमा नाहीत, फक्त एक सैनिकी प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मिळत नाही.

इथे आपल्या वाचकासाठी एक गोष्ट सांगायला हवी. हुजूर पक्षाने आपल्या खासदारांवर पक्षादेश बजावला होता, तरी त्यांचे सात जण विरोधात गेले. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन स्वतः हल्ल्यांच्या विरोधात होते, पण पक्ष फुटण्याच्या बेताला आला म्हणून त्यांनी खासदारांना मोकळीक दिली, आणि त्यातले ६६ सरकारच्या बाजूने गेले. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची खासदारकीच जाऊ शकते. अपात्रता हा शब्द महाराष्ट्रात आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. तो कायदा घोडेबाजार थांबवण्यासाठी आला, हे मान्य. पण परक्या भूमीवर माणसं मारण्यासारख्या विषयावर खासदाराने स्वतःच्या विवेकाने एका दारातून जावं, ही कल्पना त्यामुळे आपल्याकडे रुजू शकलेली नाही. या भाषणांत वारंवार एक वाक्यरचना येते: मी रात्रभर विचार केला, माझ्या मतदारसंघातून पत्रं आली, आणि तरीही. हे 'आणि तरीही' मराठीत आणताना मला आपल्या विधिमंडळातली एखादी ओळ आठवेना, याचं वाईट वाटलं.

आता हिलरी बेन. मजूर पक्षाचे तेव्हाचे परराष्ट्रविषयक प्रवक्ते. सकाळी त्यांच्या नेत्याने ठरावाला विरोध केला आणि रात्री त्याच पक्षाच्या वतीने समारोप करताना बेन यांनी ठरावाला पाठिंबा दिला. आदल्या संध्याकाळी पंतप्रधानांनी विरोधकांना दहशतवाद्यांचे सहानुभूतिदार म्हटल्याचं बाहेर आलं होतं आणि दिवसभर त्यांच्याकडे माफीची मागणी होत होती. बेन यांनी आधी कॉर्बिन यांचा प्रामाणिकपणा निःसंदिग्ध शब्दांत सांगितला, मग त्यांच्याच भूमिकेच्या विरोधात बोलायला सुरुवात केली. फ्रँकोविरुद्ध लढायला स्पेनला गेलेल्या आंतरराष्ट्रीय तुकड्यांची त्यांनी आठवण दिली, आयसिसला फॅसिस्ट म्हटलं, आणि फॅसिझमशी लढणं ही आपल्या पक्षाची परंपराच आहे असं सांगितलं. भाषण संपलं तेव्हा टाळ्यांची प्रथा नसलेल्या त्या सभागृहात टाळ्या पडल्या.

या भाषणामागे एक घराणं उभं आहे. हिलरी यांचे आजोबा विल्यम वेजवुड बेन १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री होते. मिठाचा सत्याग्रह आणि पहिली गोलमेज परिषद त्यांच्याच कारकिर्दीतली. वडील टोनी बेन दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, त्यांचा भाऊ हवाई दलातच कामी आला. त्याच टोनी बेन यांनी १९९८ मध्ये याच सभागृहात इराकवरच्या बॉम्बफेकीला विरोध केला. लंडनवर जर्मन बॉम्ब पडताना आपण पोरवयात काय पाहिलं ते सांगून त्यांनी विचारलं होतं, अरबांना काय भीती वाटत नसेल? मुलाच्या भाषणाच्या पावणेदोन वर्षं आधी, मार्च २०१४ मध्ये ते गेले. या पुस्तकात मुलाचं भाषण पूर्ण आहे. वडिलांचं त्या दिवसाचं नाही म्हणून घेतलं नाही, पण ते माझ्या टेबलावर सतत उघडं होतं. एकाने बॉम्बखाली असलेल्या माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं. दुसऱ्याने आयसिसच्या सुऱ्याखाली असलेल्या माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं. दोघांनाही खरीच माणसं दिसत होती.

एका खासदाराचं नाव दोन्ही याद्यांत सापडणार नाही. जो कॉक्स. ऑक्सफॅममध्ये बरीच वर्षं काम करून मे २०१५ मध्ये निवडून आलेल्या. सीरियातल्या नागरिकांना वाचवायला लष्करी बळ वापरावं लागलं तर वापरावं, असं त्या उघड म्हणत. तरीही त्या रात्री त्या कुठल्याच लॉबीत गेल्या नाहीत. नागरिकांचं रक्षण, असद आणि आयसिस या तिन्हींचा एकत्र विचार ज्यात नाही, त्या योजनेला हो म्हणता येत नाही, आणि काहीच करू नये असंही वाटत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या जूनमध्ये त्यांची त्यांच्याच मतदारसंघात हत्या झाली. घंटा वाजत असताना बाकावर बसून राहण्याला पळपुटेपणा म्हणायची आपली सवय आहे. मला तसं वाटत नाही.

इतिहासाची एक जुनी खूण या सगळ्याखाली आहे आणि ती आपल्या मातीपर्यंत येते. ब्रिटिश विमानांनी इराकवर बॉम्ब टाकण्याची ही पहिली वेळ नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर पायदळ ठेवणं परवडेना म्हणून १९२२ पासून इराकचा बंदोबस्तच हवाई दलाकडे सोपवला गेला होता. बंडखोर टोळ्यांवर वरून बॉम्ब टाकणं हे त्यावेळी काटकसरीचं धोरण मानलं जाई. त्याआधी ते पायदळ कुठलं होतं? बसऱ्याहून वर सरकलेल्या सैन्याचा कणा होता सहावी पूना डिव्हिजन. तुर्कांनी कुत शहराला घातलेल्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीने खंगलेल्या त्या फौजेने २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली, आणि पुढच्या कैदेत असंख्य शिपाई मेले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या ४६ जणांची स्मृती जपलेली आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये टायग्रिसकाठच्या शरकत इथे एकशेचौदावी मराठा पलटण तुर्कांशी लढली. ते शरकत जवळजवळ शंभर वर्षांनी आयसिसच्या ताब्यात होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये इराकी सैन्याने ते परत घेतलं. लंडनमधल्या त्या दिवसाच्या भाषणांत यातल्या कशाचाही उल्लेख नाही. त्यांच्या दृष्टीने इराकचा इतिहास २००३ ला सुरू होतो.

२००३ ची सावली मात्र प्रत्येक वाक्यावर आहे. आपल्याकडेही त्या वर्षी एक प्रसंग घडला. एप्रिलमध्ये लोकसभेने इराकवरच्या आक्रमणाविषयी ठराव केला. इंग्रजीत कोणता शब्द वापरायचा, कडक की सौम्य, यावर पक्षांमध्ये एकमत होईना. शेवटी ठराव हिंदीत झाला आणि त्यात 'निंदा' हा शब्द आला, ज्याचा ज्याने त्याने आपल्या सोयीने अर्थ घ्यावा. जुलैमध्ये अमेरिकेने मागितलेलं सैन्य इराकला पाठवायला वाजपेयी सरकारने नकार दिला. तो नकार आज शहाणपणाचा वाटतो. पण त्याच देशाने १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवली तेव्हा संसदेने आधी मत दिलं नव्हतं. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. आपल्या राज्यघटनेत अशा मताची सक्ती नाही. ब्रिटनमध्येही कायद्याने नाही. तिथे २००३ नंतर पडलेला तो पायंडा आहे, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी मत न घेताच सीरियावर हल्ला करून तो मोडलाही.

आता माझं मत, कारण अनुवादकाने आडोशाला उभं राहू नये असं मला वाटतं. मी त्या रात्री डावीकडे गेलो असतो. सत्तर हजारांचा हिशेब मला पटला नसता. पण नंतर जे घडलं त्याने माझंही म्हणणं पूर्ण खरं ठरवलेलं नाही. रक्का पडलं, ऑक्टोबर २०१७ मध्ये. ते घेणारे ते सत्तर हजार नव्हते. कुर्दांच्या नेतृत्वाखालच्या सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेसनी जमिनीवर लढाई केली आणि वरून अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीची विमानं होती. मार्च २०१९ मध्ये बाघूझ हे शेवटचं खेडं पडलं आणि आयसिसच्या हाती जमिनीचा तुकडा उरला नाही. हे बॉम्बशिवाय झालं नसतं. त्याआधी आयसिसच्या वेढ्यात सापडलेलं कुर्दांचं कोबानी शहरही बॉम्बशिवाय वाचलं नसतं. ज्या याझिदी मुली परत आल्या, त्यांच्यासमोर उभं राहून मला माझा नकार ठामपणे सांगता येणार नाही.

पण त्याच रक्कामध्ये आघाडीच्या माऱ्यात सोळाशेहून अधिक नागरिक मेल्याची नोंद अ‍ॅम्नेस्टी आणि एअरवॉर्स या संघटनांनी घराघरांत फिरून, एकेका इमारतीचा माग काढून केली. बहुतेक मारा अमेरिकेचा होता. ब्रिटिश विमानंही त्या आकाशात होती. मोसुलच्या जदिदा वस्तीत १७ मार्च २०१७ ला छतावरच्या दोन बंदूकधाऱ्यांना मारायला एक बॉम्ब टाकला गेला. इमारतीत आयसिसने स्फोटकं दडवलेली होती असं अमेरिकी सैन्याने नंतर सांगितलं. तळाशी आसऱ्याला आलेली माणसं होती. अमेरिकेनेच मान्य केलेला मृतांचा आकडा शंभराच्या वर आहे. दोन माणसांसाठी शंभर. एवढ्या एका घटनेवर कुठल्याही संसदेने साडेदहा तास बोलायला हवं होतं.

माझी तक्रार इथे आहे, आणि हे पुस्तक करण्याचं खरं कारणही. सुरुवात करावी की नाही यावर त्या सभागृहाने इतक्या गांभीर्याने विचार केला की वाचताना आदर वाटतो. काय करून आलो यावर तसा दिवस कधी आला नाही. ठरावातच सरकारने दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल देण्याचं वचन आहे. अहवाल आले. मंत्री उभे राहिले, किती उड्डाणं, किती लक्ष्यं नष्ट, किती चौरस मैल मोकळे, हे सांगून बसले. तेव्हा घंटा वाजली नाही, कुणी कुठल्या दारातून चाललं नाही. घरातलं लग्न ठरवताना सगळा गोतावळा बैठकीला बसतो आणि देणी फेडताना एकटा बाप उरतो, तसं हे झालं. फक्त इथे देणं दुसऱ्याच्या घरात ठेवून आलेलं होतं.

वाचकाला एक विनंती. बेन यांचं भाषण आधी वाचू नका. ते इतकं देखणं आहे की त्यानंतर बाकीची फिकी वाटतात, आणि बाकीच्यांत प्रश्न आहेत. आधी लुईस वाचा, मग कॅमेरून, मग कॉर्बिन, आणि बेन शेवटी, जसे ते त्या रात्री आले. पुस्तकाच्या अखेरीस मतविभागणीची संपूर्ण यादी दिली आहे, ६२० नावं. छापायला ती लांब होते असं प्रकाशकांचं म्हणणं होतं, पण ती मी ठेवून घेतली.

त्या यादीच्या मागच्या पानावर एक लहान निवेदन आहे. मे २०१८ मध्ये ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलेलं. २६ मार्चला पूर्व सीरियात आयसिसच्या तिघांवर ड्रोनने मारा होत असताना शेवटच्या क्षणी एक मोटरसायकल त्या जागेत शिरली आणि तिच्यावरचा नागरिक मेला, असं त्यात म्हटलं आहे. आयसिसविरुद्धच्या मोहिमेत आपल्या हातून नागरिक मेल्याची ब्रिटनने दिलेली ती पहिली कबुली, इराकमधला पहिला बॉम्ब पडल्यानंतर साडेतीन वर्षांनी. त्या मोटरसायकलवाल्याचं नाव निवेदनात नाही.